सर्जेरावची खाच

डोळा लागतोय न लागतोय अशा वेळी माणसाला आपलाच हात परका वाटतो. मालनचं तसंच झालंय. बेंजोच्या कारखान्याच्या फरशीवर पोतं टाकून ती आडवी झाली आहे, उजवा हात उशाला घेतलाय, आणि तो हात आपलाच की कुणी शेजारी आणून ठेवलाय हे तिला नीट सांगता येत नाही. बाहेर विसर्जनाची सुट्टी. गल्लीतले सगळे माग बंद. इचलकरंजीत माग थांबले की लोकांना झोप लागत नाही, उलट दचकायला होतं. खटक-खटक ऐकतच इथली पोरं पाळण्यात झोपतात. पण मालन रात्रभर जागलेली आहे. ऊन पत्र्यावर तापलंय, पितळेच्या किसाचा वास नाकात बसलाय, पापण्या काही केल्या वर राहत नाहीत.

वर टेबलावर दिगंबरचा बेंजो आहे.

हा तोच दिगंबर, ज्यानं गेल्या विसर्जनाला भर चौकात बेंजोच्या स्टँडचा लोखंडी पाइप मालनच्या नवऱ्याच्या डोक्यात घातला. नवरा सर्जेराव, बेंजो बनवायचा आणि वाजवायचाही. मिरवणुकीत दोन बेंजो पार्ट्या समोरासमोर आल्या की जिचं वाजवणं आधी तुटेल तिनं वाट सोडायची, ही इथली रीत. त्या दिवशी दिगंबरची तार तुटली. आता तार म्हटल्यावर ती तुटायचीच. पण दिगंबर ओरडला, "सर्जानं मुद्दाम खोट ठेवलीया, माझा बेंजो ह्यानंच बनवलाय," आणि पाइप उचलला. सर्जेराव दवाखान्याच्या पायरीवरच गेला. दिगंबर जामिनावर सुटला. खटला अजून उभा राहायचा आहे, आणि साक्षीला मालनचं नाव आहे.

आणि त्याच दिगंबरची आई, अक्काताई, काल तोच बेंजो जुन्या लुगड्यात गुंडाळून दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा हात चालंना गं ह्याला. नुसतं केकाटतंय. उद्या वाजवायचंय त्याला. वाद्यानं काय पाप केलंय?"

मालनच्या मनात आलं, हिच्या तोंडावर दार आपटावं. पण दारात आलेलं वाद्य माघारी धाडायचं नाही, मग ते वैऱ्याचं का असेना, असा सर्जेरावचा दंडक होता. तिनं बेंजो घेतला.

खराबी घोडीत होती. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती आडवी पितळी पट्टी. तिच्यात प्रत्येक तारेला एक खाच असते, आणि ती कानशीनं घासून गुळगुळीत करावी लागते. जरासा कंगोरा राहिला तरी तो तारेला आतून खात बसतो, आणि वाजवणं ऐन रंगात आलं की तार सुटून वाजवणाऱ्याच्या तोंडावर येते. सर्जेरावच्या हाताखाली शिकलेल्या मालननं घोडी नवी घडवली. सर्जेराव डावखुरा, त्याच्या खाचेला डावीकडं कल असायचा, जाणकार माणूस घोडी बघून ओळखायचा. मालनची खाच सरळ. सगळ्या खाचा साफ झाल्या, शेवटची तेवढी राहिली. राहिली म्हणजे ठेवली, खोटं कशाला बोला. मागावरच्या सुताचा दोरा तिनं त्या खाचेतून ओढून बघितला. दोरा अडकला, पिंजला. दिगंबर तारांवर पार वाकून वाजवतो, हे तिला ठाऊक आहे. तिनं कानस खाली ठेवली आणि ती आडवी झाली.

"जाऊ दे एक डोळा त्याचा," ती मिटल्या पापण्यांनी पुटपुटते. "माझं तर घर गेलं."

"एकच का?" टेबलावरून आवाज येतो.

सर्जेराव टेबलाच्या कडेला पाय सोडून बसला आहे. अंगात पार्टीचा मोरपंखी शर्ट. डोकं उजवीकडून चेपलंय, तिथून रक्त कानामागनं गळ्यात उतरतंय, आणि तो ते बोटानं निपटून पँटला पुसतोय. लाकडाचा सरस तो असाच पुसायचा, म्हणून मालन किती कटकट करायची.

"कवा आलासा?" ती विचारते. तिला नवल वाटत नाही.

"काम अर्ध्यात टाकून झोपलीस व्हय?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ह्या बाबाची मेल्यावरही गेलेली नाही. राग कायम नाकावर. बायकोवर त्यानं कधी हात उचलला नाही, पण सुरात न बसणाऱ्या बेंजोची खैर नसायची. उंबऱ्यावर ठेवून कुऱ्हाडीनं फोडायचा आणि त्याच ढलप्यांवर चहा उकळायचा.

तो डाव्या हातानं कानस उचलतो, खाच डोळ्याशी धरतो आणि थुंकतो. "ही काय धार झाली? ह्यानं तार तुटंल आन् कडंला जाईल. हिकडं आण." तो घासायला लागतो. पितळेचा कीस आणि रक्त एकत्र खाली पडतंय. "एक डोळा घेऊन काय लोणचं घालतीस? दोन्ही काढू. बोटं बी काढू. परत वाजवायला नको मुडद्यानं."

मालनला बरं वाटतं. अगदी मनापासून बरं वाटतं. जो तो तिला सांगत आलाय, सोड आता, पुढचं बघ, देवावर टाक. तिच्या बाजूनं रागवणारं एक माणूस शेवटी आलं. ती त्याच्या पायाशी बसते आणि घोडी घट्ट धरून ठेवते.

कानशीचा आवाज वाढत जातो. तो आता ढोलाचा आवाज आहे, टेबल म्हणजे टेम्पोचा हौदा आहे आणि मालन चौकात उभी आहे. गुलालानं समोरचं काही धड दिसत नाही. दिगंबरचा पाइप वर जातो. सर्जेरावचं डोकं नारळासारखं वाजतं.

सर्जेराव उठून उभा राहतो. "बघितलंस? परत बघ."

पाइप परत वर जातो. परत तोच आवाज. सर्जेराव परत उठतो, दातांत रक्त, आणि म्हणतो, "परत."

"बास करा," मालन म्हणते. "मी तवा बघितलंय. रोज बघते."

"मग घे की."

पाइप तिच्या हातात आहे. गार आहे, घामानं निसटतोय. पुढ्यात दिगंबर बेंजोवर वाकून वाजवतोय, मान उघडी, कानामागं अष्टगंध लावलेलं. सर्जेराव तिच्या पाठीशी चिकटून उभा राहतो. "घाल," तो म्हणतो. मालन घालते. एकदा घालते, मग तिचा हात थांबतच नाही. दिगंबर वाजवायचा थांबत नाही आणि ती मारायची थांबत नाही. हाड मोडल्याचं तिला पाइपातून कळतं. मग तार सुटते. ती त्याच्या तोंडावर सपकन बसते आणि दोन्ही डोळ्यांतून आरपार निघते. दिगंबर चेहरा धरून मालनकडं वळतो.

"बघा, खोट व्हती," तो ओरडतो. "सर्जानं खोट ठेवली व्हती."

ढोल थांबतात. चौकातली माणसं पुढं येतात, बेंजो हातोहात फिरवतात, घोडीवरून अंगठा फिरवून बघतात. एकाच्या अंगठ्यातून रक्त येतं. "व्हय की," तो म्हणतो. "खोट हाय." दुसरा मान डोलावतो. "मग पोराचं काय चुकलं गा? बरोबर हाणला त्याला."

मालनच्या हातातला पाइप गळून पडतो.

गुडघ्याएवढं पाणी आहे. नदी आहे, पण मागही आहेत, नदीत रांगेनं उभे केलेले, सुतासकट. बेंजो पाण्यावर तरंगत निघालाय. मालन त्याच्यामागं धावते, त्याला छातीशी धरते आणि एका मागाला पाठ लावून उभी राहते. पाणी कापत सर्जेराव येतोय. त्याच्या डाव्या हातात कुऱ्हाड आहे.

"दे हिकडं."

"न्हाई देत."

"मग सरक. तुझ्या हातनं धार हुईना तर मीच फोडतो त्याला."

"सरकत बी न्हाई."

तो तिला मारतो. उलट्या हाताची, तोंडावर. उभ्या संसारात कधी न मारलेली. मालनच्या तोंडात पितळेची चव येते. तो तिचे केस धरून तिला मागावर आपटतो, माग चालू होतो, खटक-खटक, आणि धोटा तिच्या कानाजवळून जातो-येतो. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावते. त्याचं रक्त गार आहे, पण ती सोडत नाही.

"माझा जीव घेऊन हिंडतोय तो," सर्जेराव म्हणतो. त्याचा आवाज फुटतो. "आन् माझीच बायकू त्याचा डोळा जपतीया."

"त्याचा डोळा जाऊ दे मसणात." मालन रक्त थुंकते. "मला तुमचं नाव जपायचंय. आज ही तार तुटली की गेल्या साली तुटल्याली बी तुम्हीच तोडली असं ठरतंय. तो चौकात वरडला ते खरं होतंय. मग कोर्टात कुठल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ? माझ्या नवऱ्यानं वाद्यात कधी खोट ठेवली न्हाई, हे मला तिथं सांगायचंय. आन् ते सांगताना माझ्याच नखात पितळ असणार व्हय?"

"सरक, माले."

"मारा. तुम्हाला त्यानं एकदा मारलं. आता तुमचं नाव आपण दोघं मिळून मारू."

कुऱ्हाड वर जाते. मालन डोळे मिटत नाही. कुऱ्हाड खाली येते आणि तिच्या खांद्यात रुतते. दुखत नाही, फक्त फार जड लागतं, ओलं जळण खांद्यावर घेतल्यासारखं. सर्जेराव त्या कुऱ्हाडीकडं बघत राहतो. मग स्वतःच्या हाताकडं बघतो. तो तिथंच पाण्यात मटकन बसतो आणि चेपलेलं डोकं दोन्ही हातांनी धरतो.

मालन त्याच्याशेजारी बसते. बेंजो मांडीवर. मागांचा आवाज हळूहळू लांब जातो.

"ती तार मी तोडली नव्हती," तो म्हणतो.

"मला ठावं हाय."

"जुनी झालती. गंज चढल्याला. बदल म्हणून दोनदा सांगितलं त्याला."

"ठावं हाय मला."

"वरडून सांगत व्हतो चौकात. ढोलात कुणाला ऐकू जाईना. तवर पाइप आला." तो लहान पोरासारखा रडतोय, आणि मालनलाही रडू फुटतं. ह्या माणसाला शेवटचं जे बोलायचं होतं ते कुणी ऐकलंच नव्हतं, हे तिच्या इतके दिवस लक्षात आलं नव्हतं. "एवढं सांग तिथं," तो म्हणतो. "बाकी काय नको."

"सांगते."

तो शर्टाच्या बाहीला नाक पुसतो. कुऱ्हाड कुठंच नाही. त्यानं बेंजो तिच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलाय आणि घोडीवरून अंगठा फिरवतोय. "कसली घाण करून ठेवलीया," तो पुटपुटतो, पण आता तो राग रोजचाच आहे. "दोरा दे."

"कुठला?"

"सुताचा. तुझ्या उशाला हाय की."

ती हात मागं नेते. बोटांना दोरा लागतो. कानस घासल्याचा बारीक आवाज येत राहतो. खर्र. खर्र. खर्र.

ठक, ठक, ठक.

दार वाजतंय. पत्र्यावरचं ऊन उतरलंय, लांब कुठंतरी पहिले ढोल सुरू झालेत. मालन पोत्यावर उठून बसते. तोंड कोरडं, खांदा धड, फरशी कोरडी ठणठणीत. दारामागनं अक्काताईची हाक येते, "झालं का गं बाई? पोरं खोळंबल्यात."

मालन मूठ उघडते. मुठीत सुताचा दोरा आहे. ती टेबलाशी जाते आणि तो दोरा शेवटच्या खाचेत घालून ओढते. दोरा न अडकता सरळ बाहेर येतो. ती परत ओढते. एक तंतू उभा राहत नाही.

घोडी उचलून ती खिडकीशी नेते. बाकीच्या खाचा तिच्या हातच्या, सरळ. शेवटची खाच डावीकडं कलली आहे.

ती खिडकीचा गज धरून उभी राहते आणि मोठ्यानं रडते. बाहेर म्हातारीला ऐकू जात असेल तर जाऊ दे. मग पदरानं तोंड पुसून ती घोडी जागेवर बसवते, बाकीच्या तारा तिच्यावरून घेते, कपाटातून नव्या तारेचं वेटोळं काढते आणि दार उघडते.

"झालं न्हाई काय?" अक्काताई तिच्या डोळ्यांकडं बघत भीत भीत विचारते.

"शेवटची तार चढवायची ऱ्हायलीया. बसा पायरीवर."

म्हातारी बसते. मालन तार खाचेतून घेते, चावीला गुंडाळते आणि कान लावून एकेक पीळ देत जाते. तार सुरात येते. ती तिला अंगठ्यानं दाबून बघते, जोरात छेडून बघते. मग बेंजो लुगड्यात गुंडाळून म्हातारीच्या हातात देते.

"दिगंबरला म्हणावं, तार नवी हाय, खाच सर्जेरावची हाय. तुटायची न्हाई," मालन म्हणते. "आन् म्हणावं, तारखेला मी येणार हाय."