भाताला बाप म्हणणारा मुलूख

कोरियात भाताला 'बाप' म्हणतात. समुद्रकाठच्या मांडवी गावातल्या आमच्या पडवीत बसून मी हे हसत हसत सांगितलं, आणि त्यावरून माझ्या भावकीने माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला पाठ फिरवली. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की अजून डोकं तापतं.

दुसरं महायुद्ध लागायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. मी बोटीवर आगवाला होतो, बॉयलरला कोळसा घालायचं काम. जपानकडून कोरियाच्या फुसान बंदरात आलो आणि बोटीचं यंत्र बिघडलं. त्यातच मला हगवण लागली. उभं राहवेना. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, राजापूरकडचा, भला माणूस. त्याने मला पाठीवर घेतलं आणि गोदीमागच्या एका म्हातारीच्या खानावळीत नेऊन टाकलं.

तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिने आधी पेज दिली, अगदी आपल्यासारखी, मऊ, वर दोन थेंब काळं खारट पाणी. हगवण थांबल्यावर भात वाढला आणि बोट दाखवून म्हणाली, "बाप." भाताच्या भांड्याला लागलेली खरवड ती टाकत नसे. त्यात पाणी घालून उकळायची आणि ते गरम पाणी जेवणावर प्यायला द्यायची. मग किमची. लांब पानांचा कोबी मीठ, मिरची, लसूण आणि आपल्या जवळ्यासारखी बारीक खारवलेली कोळंबी लावून रांजणात मुरवलेला. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला जिभेला चव आली.

कोरियावर तेव्हा जपानचं राज्य होतं. बंदरात तांदळाच्या गोणींच्या थप्प्या लागलेल्या, सगळ्या जपानला जाणाऱ्या. आणि ज्यांच्या मुलखात तो पिकला, ती माणसं राळ्याचं भरड धान्य शिजवून खात. म्हातारीच्या वाडग्यात मी राळाच बघितला. भात होता तो फक्त माझ्या वाडग्यात. हे कळलं त्या दिवशी मी हात आवरला. मी वाडगं तिच्याकडे सरकवलं, तर तिने माझ्या हातावर चापटी मारली आणि ते परत माझ्यापुढे ठेवलं.

आपल्याकडे पितृपक्ष लागतो, त्याच सुमाराच्या पुनवेला त्यांचा सण असतो. म्हातारीने तांदळाच्या पिठाच्या छोट्या करंज्या केल्या, आत तीळ आणि मध, आणि सुरूसारख्या बारीक पानांवर त्या मोदकासारख्या उकडल्या. एक गोड थंड पेय केलं, त्यात भाताची शितं तरंगत होती. हे सगळं आधी तिने आपल्या मेलेल्या माणसांपुढे मांडलं, जमिनीवर डोकं टेकलं, मग मला दिलं. माझे वडील त्याआधीच इकडे घरी वारले होते. मला ते ठाऊक नव्हतं.

बोट दुरुस्त झाली, खेप पुरी करून घरी आलो तेव्हा वडील गेल्याचं कळलं, आणि त्यांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. शेजारीपाजारी जमले, म्हणाले, "सांग की, काय काय खाल्लंस तिकडे?" मी भोळेपणाने सगळं सांगितलं.

दोन दिवसांनी थोरले काका आले. बसले नाहीत. आईने पाणी आणलं, ते घेतलं नाही.

"कोणाच्या हातचं जेवलास तू?"

"एका म्हातारीच्या. आजारी होतो, काका."

"जात कुठली तिची?"

"तिथे नसते."

"मग प्रायश्चित्त घे. नाहीतर श्राद्धाला आमच्यातलं कोणी जेवायला येणार नाही."

मागे उभा असलेला त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, हसून म्हणाला, "बाप खाऊन आलाय, आता बापाचं श्राद्ध घालतोय."

माझा हात उठला होता. आई मध्ये पडली. मी काकांना एवढंच विचारलं, "तिने दिलं ते नाकारून मेलो असतो, तर तुम्हाला बरं वाटलं असतं?" ते पायऱ्या उतरून गेले.

प्रायश्चित्त मी घेतलं नाही. कशाबद्दल घ्यायचं? श्राद्धाच्या दिवशी भटजी आले, विधी केला, शिधा घेऊन गेले. त्यांना काही विटाळ झाला नाही. भावकीसाठी मांडलेली पानं मात्र रिकामी राहिली. भरलेली भांडी चुलीपाशी निवत होती. ज्या चुलतभावाला माझ्या वडिलांनी खांद्यावर खेळवला, तो दोन घरं पलीकडे स्वतःच्या ओट्यावर पान खात बसला होता. मला तो इथून दिसत होता.

आईनेही त्याला बघितलं. मग उठली, एक पान वाढलं, भात, वरण, वडे, खीर, सगळं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"त्या बाईचं," ती म्हणाली. "माझ्या पोराला जिने जगवला, तिचं." आणि पानापुढे बसून तिने नमस्कार केला. मग आम्ही दोघं जेवलो. उरलेलं अन्न मी मांडवीच्या वाळूवर जाळी विणत बसलेल्या माणसांना नेऊन दिलं. कोणी काही विचारलं नाही, सगळे पोटभर जेवले.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी काका आले, या वेळी बसले आणि आईने दिलेलं पाणीही प्यायले. चुलतभावाला मुंबईत काम मिळेना, तर सारंगाला सांगून त्याला बोटीवर चिकटवावं, असं म्हणाले.

"तिकडे तो जेवेल काय, काका?"

ते खाली बघत म्हणाले, "मिळेल ते खाईल."

मी सारंगाला सांगितलं. भाऊ बोटीवर लागला, पुढे त्याने स्वतःचं घरही बांधलं. त्याला काम मिळालं याचं मला दुःख नाही. पण माझ्या वडिलांच्या श्राद्धाबद्दल काका शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याची चीड माझ्या मनातून आजही गेलेली नाही.