मामाचा निळा स्कर्ट

माझा धाकटा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कमरेला अवजारांचा पट्टा बांधून ग्रीसमध्ये हात घालतो, आणि संध्याकाळी घरी आला की आंघोळ करून स्कर्ट घालतो. आम्हा भाचरांना त्याचं नवल नाही, कारण आम्ही त्याला पहिल्यापासून असाच पाहिलाय. पण शाळेत त्याने तो पहिल्यांदा घातला, तेव्हाची हकिगत आईकडून ऐकावी. स्कर्ट तिचाच होता.

आईची शाळा संपली आणि तिचा गणवेश कपाटात पडून राहिला. निळा, चुण्यांचा, गुडघ्याखाली येणारा. घरात कुणी नसलं की मामा तो घालून आरशासमोर उभा राहायचा. आईला ठाऊक होतं, पण तिने कानाडोळा केला होता. नववीत असताना एका सकाळी मात्र तो तोच स्कर्ट घालून, वर आपला पांढरा सदरा खोचून, दप्तर पाठीला लावून स्वयंपाकघरात आला. आजीने का रे असं विचारलं. "आवडतो म्हणून," तो म्हणाला, आणि चहा पिऊन निघाला. आजोबा बसचे ड्रायव्हर. ते पहाटेच्या पाळीला गेले होते, म्हणून सकाळचं युद्ध संध्याकाळवर गेलं.

फाटकापासून वर्गापर्यंत शिट्ट्या पडल्या. पहिलीपासून शेजारी बसणाऱ्या मित्राने दप्तर उचललं आणि मागचा बाक गाठला. हे मात्र मामाला लागलं. फळ्यावर कुणीतरी मिशीवाली बाई काढली होती. मामाने ती पुसली नाही. तिचा स्कर्ट फारच आखूड होता, तो त्याने खडूने ओढून गुडघ्याखाली आणला आणि जागेवर जाऊन बसला. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं 'बाईसाहेब' असं बारसंही झालं. कुणी हाक मारली की तो वळून शांतपणे म्हणायचा, "बोला." पुढे काय बोलायचं ते कुणी ठरवलेलंच नसायचं.

मुख्याध्यापिकांनी बोलावून बजावलं की शाळेत गणवेशातच यायचं.

"बाई, हा शाळेचाच गणवेश आहे," मामा म्हणाला.

बाईंनी वडिलांना घेऊन यायला सांगितलं.

त्याच दुपारी वर्गाच्या मॉनिटरने, डॉक्टरांच्या मुलाने, आणखी तिघांना घेऊन मामाला नळाच्या खोलीत गाठलं आणि त्याच्या अंगावर बादल्या रिकाम्या केल्या. मामा तसाच निथळत वर्गात आला. बाकाखाली तळं साचलं. भूगोलाचे सर घरी जा म्हणाले, तर याने तास बुडेल म्हणून नकार दिला.

घरी आजोबांनी आकाशपाताळ एक केलं. रस्त्याने जाताना लोक काय म्हणतील, ही पोरं रोज माझ्याच बसला असतात, मी तोंड कुठे लपवू, असं बरंच. मामाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, चौघांनी मिळून एकाला भिजवलं, लाज त्याची वाटू द्या. कपड्याने कुणाचं काय बिघडवलंय?" आजोबा त्याच्याशी बोलेनासे झाले. बाईंनी बोलावलं म्हणून शाळेत गेले आणि नुसतं ऐकून परत आले. आईने स्कर्ट वाळवून इस्त्री केली. तिच्या मैत्रिणी तिलाही टोमणे मारत होत्या, पण चुणी एकदा हातात घेतली की वाकडी ठेवायची नाही, हा तिचा स्वभाव.

मुलींपैकी एकीला सगळ्यात जास्त राग आला. ती उंच, व्हॉलीबॉलची कप्तान. आमची टिंगल करतोस का, म्हणून तिने त्याला जिन्यात अडवलं. टिंगल नाही, मला बरं वाटतं, असं त्याने सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिला स्वतःला स्कर्टचा मनस्वी तिटकारा होता. पाय सावरून बसायला तिचा जीव जायचा. मामाच्या दोन पँटी घरी नुसत्याच पडून होत्या. एक तिने नेली.

तिला लोक अर्धा दिवस हसले. मग 'वाघीण' म्हणायला लागले.

"बघ," मामा तिला म्हणाला, "तू पँट घातलीस तर एक पायरी चढलीस. मी स्कर्ट घातला तर घसरलो. म्हणजे तुम्हा मुलींना हे लोक कुठल्या पायरीवर ठेवतात?"

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसायला लागली.

आजोबांचं मन काही वळलं नाही. पण एकदा मामा त्यांच्याच बसमध्ये असताना मागच्या पोरांनी "बाईसाहेब, बाईसाहेब" असा गलका केला, तेव्हा आजोबांनी भर रस्त्यात बस कडेला घेतली आणि मागे चालत आले. "मलाही तो स्कर्ट आवडत नाही," ते म्हणाले. "पण माझ्या गाडीत माझ्या पोराला नावं ठेवायची नाहीत. ज्याला ठेवायचीत त्याने चालत जावं." कुणी उतरलं नाही. मामा खिडकीबाहेर बघत बसला. त्या रात्री आजोबांनी त्याला मीठ दे म्हटलं, एवढीच काय ती बोलणी.

शाळेने शेवटी नाद सोडला. मामा दहावी त्याच स्कर्टात झाला.

परवा त्यांच्या वर्गाचं स्नेहसंमेलन होतं. मामा हिरवा, घेरदार स्कर्ट घालून गेला आणि त्याने मला सोबत नेलं. डॉक्टरांचा मुलगा आता स्वतःच डॉक्टर झालाय, टक्कल पडलंय. मामाच्या खांद्यावर हात टाकून तो चारचौघांत म्हणाला, "त्या पाण्याचं मनावर घेऊ नकोस हं. लहान होतो रे आपण."

"मीही लहानच होतो," मामा म्हणाला. "माफी मागायची असेल तर माग. मी थांबतो."

आणि तो खरंच थांबला. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले, हातातला पेला या हातातून त्या हातात केला. मामाने त्यांची सुटका केली नाही. शेवटी त्यांनी माफी मागितली, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेली.

"बरं," मामा म्हणाला, आणि मला घेऊन जेवायला गेला.