दसऱ्याला न दुमडलेला रोबो

१ ऑक्टोबर. उद्याच्या दसऱ्यासाठी मी अंगणात स्कूटर धूत होते. नवरा पायरीवर त्याचा खेळण्यातला रोबो दुमडत बसला होता. दुमडला की त्याचा ट्रक होतो आणि दर दसऱ्याला स्कूटरशेजारी त्या ट्रकलाही हार-कुंकू मिळतं. ही पूजा त्याने कधी चुकवली नव्हती. यंदा मात्र त्याने दुसऱ्याच कंपनीचं किट मागवून रोबोला जाड पाय आणि खांद्यावर तोफ बसवली, वर निसटू नये म्हणून सगळं गोंदाने पक्कं केलं. आता ते निघेना आणि पाय दुमडेनात. त्याने जोर लावला तसा सांधा करकरला.

"अहो, मोडन तो! काहून रेटून राह्यले?"

"गाडीच नाही झाली तं पूजा कायची करू?"

"तोफ हाये ना त्याले? शस्त्रांत ठेवा."

"इळ्याजवळ?"

"हौ. इळा तरी कुठं दुमडते?"

त्याने रोबो खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर विळा, सुरी आणि पेचकस मांडले, शेजारी रोबो उभा केला आणि तोफेला कुंकू लावलं.