कॉतानचा पाझर

कॉतान धरणाच्या चौकीदाराला, नाई पान तुनला, भेटेल तो एकच विचारायचा, "काय, धरण किती भरलं?" पाण्याची पातळी सगळ्यांना हवी असायची. खालच्या भातशेतीवाल्यांना, रबराच्या मळेवाल्यांना, मोलम्याइंग शहरातल्या कचेरीतल्या साहेबांनाही. पायथ्याशी पाझर कसा आहे, हे एकवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

तो मात्र रोज सकाळी लुंगी खोचून पायथ्याच्या चरापाशी उतरायचा, काचेची बाटली भरायचा आणि उजेडात धरायचा. मातीचं धरण थोडंफार पाझरणारच. पाणी नितळ असेल तोवर खुशाल भात खावा. गढूळ आलं, तर पोटातली माती निघाली म्हणून समजावं. हे त्याला जुन्या मुकादमानं शिकवलं होतं. तो मुकादम कधीच वारला, आणि हे जाणणारा कॉतानवर नाई पान तुन एकटाच उरला.

एका उन्हाळ्यात राज्यातली चौदाही मातीची धरणं तपासायचा हुकूम निघाला. मा युवादी नावाची तरुण इंजिनिअर जीप घेऊन आली आणि म्हणाली, "काका, मी पुस्तकं वाचलीत, तुम्ही धरण वाचलंय. चला माझ्याबरोबर."

अकरा दिवस दोघं राज्यभर हिंडले. एका धरणाच्या माथ्यावर मांडीएवढ्या बुंध्याची झाडं माजली होती. दुसऱ्याचा दरवाजा उचलायचं चाकच कुणीतरी भंगारात घातलं होतं. तिसऱ्याचा सांडवा लोकांनी रेतीच्या गोण्यांनी बुजवला होता, का, तर पाणी जास्त साठावं. चौथ्याचा चौकीदार कागदावर हजर होता आणि माणूस थायलंडात मासळीच्या कारखान्यात.

शेवटी कॉतानची पाळी आली. मा युवादीनं विचारलं, "काका, तुमचं कुठल्या रकान्यात घालू?"

"माझं आहे म्हणून चांगल्यात घालू नकोस, पोरी. उजव्या अंगाला भराव बसत चाललाय."

"मग धोकादायक?"

त्याला आपल्याच लेकराला नाव ठेवल्यासारखं वाटलं. तरी तो म्हणाला, "लिही."

नऊ धरणं धोकादायक ठरली. अहवाल वर गेला, तेव्हा वरचे साहेब म्हणाले, "नऊ? म्हणजे आम्ही इतकी वर्षं झोपा काढल्या?" नऊच्या नऊ धरणांपुढचं 'धोकादायक' जाऊन 'लक्ष ठेवावे' असं आलं. मा युवादीची बदली कोरड्या मुलखात झाली, जिथं धरण नव्हतं. तिनं फोन करून माफी मागितली.

"तू कसली माफी मागतेस?" तो म्हणाला. "लिहिणारी तू एकटीच निघालीस."

पुढच्या पावसाळ्यात भरावाची उजवी कूस ओली दिसली. नाई पान तुन धावत खालच्या पलाइंग गावात गेला आणि सगळ्यांना टेकडीवरच्या विहारात चढवलं. तीन दिवस लोक तिथं दाटीवाटीनं बसून राहिले. धरण जागचं हललं नाही. खाली उतरले तेव्हा निम्म्या घरांची डुकरं आणि कोंबड्या चोरीला गेल्या होत्या.

त्याच्या पुढच्या श्रावणात एके सकाळी बाटलीत तांबडं पाणी आलं. त्यानं ओतून पुन्हा भरली. पुन्हा तांबडंच. त्यानं कचेरीत फोन लावला.

"पाणी माथ्यावरून चाललंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, पण पाझर गढूळ—"

"माथ्यावरून गेलं की कळवा."

तो पलाइंगला गेला. सरपंच नाई सोक ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. "आलास? या वेळी कुणाची डुकरं न्यायचीत?" सगळे खो खो हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "काका, धरण फुटेल तेव्हा फुटेल, तुमचं टाळकं आधीच फुटलंय!"

तो वळला आणि गावात निघाला. दारोदार फिरला, हात जोडले. विहारातल्या म्हाताऱ्या भन्तेंनी लाकडी घंटा बडवायला घेतली, तेव्हा कुठं तीसेक घरं कुरकुरत निघाली. मी राता नावाची त्याची धाकटी बहीण निघाली नाही. तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती.

"हिला कोण उचलणार, दादा?"

"मी उचलतो."

"गेल्या खेपेला उचललीस, तेव्हा तिला न्यूमोनिया झाला. आता हिला निवांत मरू दे. तू जा, मी भात टाकलाय."

तो तिच्याशी भांडला, तिला शिव्याही दिल्या. मग उरलेल्या घरांकडे वळला. दुपारी तीनच्या सुमाराला डोंगर कोसळावा तसा आवाज झाला. ओढ्यापलीकडची शेवटची घरं गाठायला तो चढणीवर होता, म्हणून वाचला. त्याच्या डोळ्यांदेखत पलाइंग चिखलाखाली गेलं. बेचाळीस माणसं गेली. त्याची बहीण मी राता चौथ्या दिवशी रबराच्या मळ्यात सापडली.

चौकशीत त्याला एकच प्रश्न होता, "लेखी का कळवलं नाही?" तो म्हणाला, फोन केला होता. फोनची नोंद सापडली नाही. निष्कर्ष निघाला: अपूर्व पाऊस आणि देखरेखीत हयगय. हयगय करणारा म्हणून त्याचं नाव पडलं आणि नोकरी गेली. ज्यांचे जीव वाचले, तेही त्याच्याशी बोलेनासे झाले. जणू अपशकुन त्यानंच आणला होता.

यादीतली आठ धरणं अजून उभी होती. पाऊस ओसरल्यावर तो बसनं त्यातल्या पहिल्या धरणाखालच्या गावी गेला. तिथला सरपंच भला माणूस होता. त्यानं चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एकदाही हसला नाही.

"तुमचं पटतं मला, दादा," तो म्हणाला. "माझ्या घराला इथून धरण दिसतं. पण आम्ही तीनशे घरं. शेत इथं, विहार इथं, मेलेले इथं. तुम्हीच सांगा, जायचं कुठं?"

नाई पान तुननं निवलेला चहा संपवला. परतीची बस दीड तासानं होती. सरपंचानं त्याला जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं.