आईचा कॅप्सूलचा डबा

माझ्या आईकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. कामठ्यातल्या आमच्या आळीत त्याला दवाखान्याइतका मान. ताप उतरला की आई औषध बंद करायची आणि उरलेल्या कॅप्सूल त्या डब्यात टाकायची. पुढच्या हंगामासाठी धानाचं बियाणं राखणारं आमचं घर. कामाची वस्तू उरली की जपून ठेवायची, हे तिच्या अंगात मुरलेलं. मग शेजारीपाजारी कुणी खोकलं की डबा उघडायचा. लाल-काळी सर्दीला, पांढरी घशाला, असा तिचाच कायदा. मी गोंदियाहून आले की यावरून आमची जुंपायची. "तुले काऊन त्रास होऊन राहिला?" एवढं विचारून ती खुशाल वाटत राहायची.

त्या हिवाळ्यात मळणी आटोपली आणि फ्लूची साथ आली. अख्खी आळी शिंकत होती. आईनं डब्यातल्या एकदोन कॅप्सूल घेतल्या, ताप उतरला, आणि तिनं फोनवर मला विजयी आवाजात ते ऐकवलं. तो ताप आपोआपच उतरला होता, हे नंतर कळलं. आठवडा उलटायच्या आत तो परतला, तो दुप्पट जोरानं. श्वास घेताना छातीत कळ, पिवळा कफ, थोडं बोललं की धाप. मी तिला ऑटोत घालून गोंदियाला दवाखान्यात आणलं. माझा राग वाटेतच कुठे गळून पडला. उरली नुसती भीती.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. पहिला आजार विषाणूचा, त्यावर डब्यातल्या या अँटिबायोटिक कॅप्सूलचा काही उपयोग नसतो, असं त्यांनी सांगितलं. पण फ्लूनं थकलेल्या फुप्फुसात आता जिवाणूंनी ठाण मांडलं होतं. ऑक्सिजन लावला, नेहमीचं अँटिबायोटिक सुरू केलं, तरी ताप हलेना. कफ तपासणीला गेला. रिपोर्ट येईपर्यंत कोणतं औषध चालेल, हे छातीठोकपणे सांगायला कुणी तयार नव्हतं. औषधांनी भरलेल्या इमारतीत बसून मी आईसाठी एका औषधाची वाट पाहत होते. तेवढी हतबल मी आयुष्यात झाले नव्हते.

रिपोर्ट आला. बरीचशी औषधं या जिवाणूपुढे निकामी होती, पण एक चालणारं निघालं. त्याची इंजेक्शनं सुरू झाली. हळूहळू ताप उतरला, ऑक्सिजन निघाला, आणि एका दुपारी आईनं दवाखान्यातला गिचका भात चाखून विचारलं, "याले भात म्हणतेत का?" मी हसता हसता रडले.

जाताना डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं. हे जिवाणू नेमके कुठून आले ते सांगता येणार नाही; पण औषध अर्धवट घेतलं की कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात, वाढतात आणि एकापासून दुसऱ्याकडे जातात.

"म्हणजे तणाचं निंदन अर्धंच करून राहिलो होतो आपण," आई म्हणाली. "साऱ्या आळीत."

घरी आल्यावर तिनं डबा रिकामा केला. दवाखान्यातून दिलेल्या तिच्या स्वतःच्या गोळ्या मात्र अजून संपायच्या होत्या. ताप नव्हता, खोकला नव्हता, पाकिटात थोड्या उरल्या होत्या, आणि नेमकी तेव्हाच शेजारची काकू खोकणाऱ्या नातीला कडेवर घेऊन आली. एवढ्या मोठ्या आजारातून उठवणारं औषध आहे, त्यातली एकच दे, म्हणाली. दारात आलेल्याला आईनं कधी रिकाम्या हातानं पाठवलेलं मला आठवत नाही.

आईनं पोरीकडे पाहिलं, हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. मग गोळी काढून स्वतःच्या तोंडात टाकली आणि वर पाणी प्याली. काकूचा चेहरा पडला. आईनं खुंटीवरची शाल ओढली.

"हे मलेच पुरं करा लागते. चाल, पोरीले दवाखान्यात दाखवू. मी संग येतो."

तिथे पोरीची छाती तपासली. साधी सर्दी होती, अँटिबायोटिकची गरज नव्हती. श्वास लागला तर लगेच आणा, एवढं सांगून परत पाठवलं. थोड्याच दिवसांत ती अंगणात धिंगाणा घालू लागली.

डब्यात आता फुटाणे असतात. ती पोर दारात येऊन खोटं खोटं खोकते, आणि आई डबा उघडते.