मिफ्लेह ड्रायव्हरचा काफिला

आमच्या इरबिद शहरातल्या युनिव्हर्सिटी रस्त्यावर तेव्हा शावर्म्याच्या दुकानांपेक्षा नेट कॅफे जास्त होते. इहाबचा कॅफे त्यातला अगदी साधा. खाली झेरॉक्सचं दुकान, वर जायला अरुंद जिना, आणि आत शिरलं की सिगरेटचा धूर नि कलिंगडाच्या भाजलेल्या बियांची सालं. एका कोपऱ्यात प्लायवूडची आडभिंत घालून मुलींसाठी जागा केलेली. मी यार्मूक युनिव्हर्सिटीत शिकत होते. घरी सांगायचे, अभ्यासाचं काही शोधायला जातेय. ते अर्धं खरंही असायचं.

मिफ्लेहला मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. पाहिलं नाही, ऐकलं. मधे प्लायवूड होतं.

तो रमथाचा. सरहद्दीजवळच्या त्या गावात घराआड एक ड्रायव्हर निघतो, तसा हाही. सगळं आयुष्य बगदादच्या रस्त्यावर ट्रक चालवण्यात गेलं. मग लढाई आली आणि त्या रस्त्यावर गेलेली माणसं परत यायची खात्री उरली नाही. त्याच्या बायकोनं, फिद्दानं, किल्ली लपवली, रडली, भांडली, आणि शेवटी त्याला ट्रक विकायला लावला. पण ट्रक गेल्यावर नवरा घरात राहिला, हे तिच्या लक्षात उशिरा आलं. इहाब तिचा भाचा. ती त्याच्याकडे जाऊन म्हणाली, "बाबा रे, तुझ्या काकाला कुठंतरी बसव. दिवसभर माझ्या भांड्यांच्या जागा बदलत बसतो. काल मला मीठ सापडेना."

इहाबनं त्याला एका कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि गप्प राहावा म्हणून खेळ लावून दिला. तो खेळ तेव्हा सगळेच खेळायचे. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात असत. प्रत्येकानं आपला एक गडी तयार करायचा. तो गडी पहिल्यांदा एका पवनचक्कीच्या गावात उभा राहायचा, हातात लाकडी तलवार, अंगावर फाटका सदरा. रानडुकरं मारायची, लांडगे मारायचे, हळूहळू लेव्हल वाढवायची. मग भुयारं. भुयारात एकट्यानं जाऊन उपयोग नसे, निदान पाचजण लागत. एकजण ढाल घेऊन पुढं मार खायला, एकजण मागं औषधपाणी करायला, बाकीचे लढायला.

मिफ्लेहनं आपल्या गड्याचं नावही मिफ्लेहच ठेवलं. "दुसरं नाव घेऊन काय करू, मला काय पोलीस शोधतायत?" असं तो इहाबला म्हणाला होता.

खेळायला तो वाईट होता, हे सांगितलंच पाहिजे. एका बोटानं टाइप करायचा. डावीकडे जायचं तर उजवीकडे वळायचा आणि स्वतःलाच शिव्या द्यायचा. शिवाय त्याची लेव्हल वाढेचना, कारण तो पुढं जायचाच नाही. कुणी नवखा गावाबाहेर डुकराकडून मरताना दिसला की हा आपलं काम टाकून मागं फिरे. इंजिनीअरिंगचा मुतसिम, ज्याची टोळी आमच्या कॅफेत सगळ्यात जोरात होती, तो ओरडायचा, "काका, या गावचे मुख्तार होऊन गाव सांभाळायला आलात का? निघा की आता पुढं."

"निघतो रे. एकजण मागं राहिलाय."

"कायम एकजण मागं राहिलेला असतो तुमचा."

"मग बरोबरच आहे ना."

मी त्या मागं राहिलेल्यांपैकी एक होते. माझा गडी औषध करणारा होता, नाव सक्र, म्हणजे ससाणा. मुलीचं नाव दिलं की कुठून कुठून कोण काय लिहील याचा नेम नसे, म्हणून पुरुषाचं. पाचव्या लेव्हलला मी जंगलात आठ पायांच्या कोळ्यांच्या तावडीत सापडले आणि मेले. उठले, परत मेले. तिसऱ्यांदा उठले तर शेजारी एक ढालवाला उभा. आणि त्याच वेळी प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला, "इहाब, 'घाबरू नको' कसं लिहायचं रे?"

थोड्या वेळानं माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली : घाबरू नको. मागं मागं ये.

मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसले. तेव्हापासून मी त्याच्या मागं मागं गेले.

आमचे पाच जमले ते असे. मिफ्लेह पुढं. मी मागं. मोरोक्कोतल्या तेतुआनचा एक बेकरीवाला, जो पाव भट्टीत घातले की खेळायला यायचा आणि भाजून झाले की निरोप न घेताच गायब व्हायचा. आणि बहारीनचे दोघे भाऊ, जे एकमेकांच्या तक्रारी आमच्याकडे करत. मिफ्लेहला वाटे की सक्रही असाच कुठल्या तरी लांबच्या मुलखातला. तो मोठ्यानं इहाबला सांगायचा, "हा सक्र बघ. बोटं जड आहेत पोराची, पण सोन्यासारखा आहे. कधी कुणाला मधेच टाकून गेला नाही. कुठला असेल?"

"सुदानचा असेल," इहाब म्हणायचा. त्याला ठाऊक होतं.

एकदा मुतसिमच्या टोळीत एक ढालवाला कमी पडला आणि नाइलाजानं त्यांनी मिफ्लेहला मोठ्या भुयारात नेलं. आत त्यांच्यातल्याच एकाची लाइन अडकली, त्याचा गडी पुतळ्यासारखा उभा राहिला. बाकीचे पळत पुढं गेले. मिफ्लेह थांबला. ढालच थांबली, तर पुढच्यांचं काय होणार? सगळे मेले.

मुतसिम खुर्चीवरून उठला. "काका, हा खेळ आहे. तुमची बगदादची सफर नाही."

"तिथं असतास तर त्याला सोडला असतास?"

"सोडला असता. तो लाइनवर नव्हता!"

"परत आला असता. आल्यावर कुणी दिसलं नसतं त्याला."

मुतसिमनं त्याला टोळीतून काढून टाकलं. मिफ्लेहनं चहा मागवला, सेजची वासाची पानं घातलेला, आणि इहाबला आपली पहिली खेप सांगायला बसला. ऐकत सगळेच होते. बगदादच्या वाटेवरच्या रुतबाच्या अलीकडे वाळवंटात त्याच्या ट्रकचा आस तुटला, आणि काफिला निघून गेला. एक म्हातारा ड्रायव्हर तेवढा थांबला, ओळख ना पाळख. मदत येईपर्यंत त्याच्याजवळ राहिला.

"मग तुमची दोस्ती झाली असेल," इहाब म्हणाला.

"छे. भयंकर माणूस. रात्रभर घोरायचा, माझी साखर संपवली, माझ्या गाडीला नावं ठेवली. एवढी भांडणं झाली की नंतर आयुष्यात आम्ही बोललो नाही." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "पण थांबला."

मिठाच्या भुयारात आम्ही गेलो तो दिवस परीक्षेच्या आधीचा. दुपारची वेळ, कॅफे भरलेला. आमच्या लेव्हलला ते भुयार झेपणार नाही असं सगळे म्हणत होते, आणि ते चूक नव्हते. शेवटी मिठाचा एक राक्षस असतो. बहारीनचे भाऊ आधीच पडले होते. बेकरीवाला जिवंत होता, पण पाव जळत असणार, कारण हलत नव्हता. मिफ्लेहच्या गड्याच्या रक्ताची पट्टी तळाला लागलेली.

टाइप करणं त्याला जमणार नव्हतं. तो सरळ हॉलमध्ये ओरडायला लागला, जणू सुदानपर्यंत आवाज पोचणार होता. "सक्र, पळ! अरे पोरा पळ, मी याला धरून ठेवतो!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, "नाही काका, तुम्ही हलू नका. औषध येतंय."

फक्त राक्षसाचे घाव तेवढे ऐकू येत होते.

"कोण बोललं?" मिफ्लेहनं विचारलं.

"मी. सक्र."

मला वाटलं आता संपलं. मग प्लायवूडच्या पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "मग टाक की औषध, पोरी. बघत काय बसलीस? मरतोय मी इथं."

मी टाकलं. परत टाकलं. बेकरीवाला मधेच जागा झाला आणि राक्षस कोसळला. इहाबनं टाळी वाजवली. पण तेवढ्यात मुलांनी प्लायवूडवर थापा मारायला सुरुवात केली होती, "सक्र, ए सक्र," आणि मुतसिम म्हणाला, "काका, तुमचा पठ्ठ्या लिपस्टिक लावतो की." मी पिशवी उचलली, मान खाली घातली आणि जिना उतरले. इरबिद एवढंसं गाव. संध्याकाळपर्यंत माझ्या भावाच्या कानावर जाणार, असं धरून मी बरेच दिवस तिकडं फिरकले नाही.

भाऊ काही बोलला नाही. आली ती फिद्दा, इहाबकडून पत्ता काढून.

आईनं दार उघडलं. दारात एक जाडजूड बाई, काळा झगा, हातात तेलातल्या वांग्यांची, मकदूसची, बरणी. आईनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"मी सायेलची आई, रमथाची," ती म्हणाली. "तुमची मुलगी माझ्या नवऱ्याची डॉक्टर आहे."

आई घाबरली. "काय झालंय त्यांना?"

"मूर्खपणा. जुना आहे, बरा व्हायचा नाही."

मग तिनं बसून सगळं सांगितलं. खेळ, भुयार, राक्षस; तिला स्वतःला त्यातलं निम्मं कळलेलं नव्हतं, त्यामुळे आईला तर काहीच कळलं नाही. शेवटी ती म्हणाली, "ही येईना झाल्यापासून तो परत माझी भांडी हलवायला लागलाय. मला ती तिथं हवी."

"पण तिथं मुलं असतात ना," आई म्हणाली.

"म्हणूनच तर आले. मी बसेन हिच्या शेजारी. मला काय, विणायला कुठंही बसलं तरी चालतं. कुणी लाकडावर बोट जरी वाजवलं तर मी आहे आणि माझी चप्पल आहे."

आईनं बरणी उघडली, एक वांगं तोडून चाखलं. "अक्रोड जास्त घालता तुम्ही."

"घालते. कंजूसपणा करायचा तर मकदूस करावंच कशाला?"

तिथंच ठरलं.

फिद्दा खरोखर येऊन बसली. पहिल्या दिवशी मुतसिमनं तोंड उघडलं, तर तिनं आडभिंतीवरून डोकं काढून त्याच्या आईचं नाव विचारलं. नंतर तो तिला वाकून सलाम करायचा. ती विणायची, आणि अधूनमधून माझ्या पडद्याकडे बघायची. "ते डुक्कर तुला मारतंय आणि तू उभी काय?" "तो टोपी टाकून मेला, ती कुणी उचलली का नाही?" थोड्याच दिवसांत सुया पिशवीत गेल्या. इहाबनं तिला गडी करून दिला आणि नाव विचारलं.

"उम्म सायेल," म्हणजे सायेलची आई, ती सवयीनं म्हणाली. मग म्हणाली, "नको. फिद्दा लिही."

सायेल झाल्यापासून तिला कुणी फिद्दा म्हटलं नव्हतं. नवरासुद्धा चारचौघांत 'सायेलची आई'च म्हणायचा. आता मोरोक्कोतला बेकरीवाला लिहायचा, फिद्दा, डावीकडे. बहारीनचे भाऊ लिहायचे, फिद्दा, सावध. आणि एक दिवस पहिल्याच भुयारात ती लांडग्यांच्या कळपात घुसली, तेव्हा मिफ्लेह भर हॉलमध्ये ओरडला, "फिद्दा! मागं ये!" पुढचा काही वेळ तो नुसता खोकत होता. फिद्दा पडद्याकडे बघत होती, पण कान लाल झालेले मी पाहिले.

मागं मात्र ती कधी आली नाही. "तुझ्या मागं राहिले तर मला काय दिसणार, तुझी पाठ?" ती म्हणायची. आणि वाटेत पडलेली प्रत्येक वस्तू उचलायची. लांडग्यांची कातडी, फुटके चमचे, अळंबी. पाचही जण तिच्यासाठी थांबून राहायचे. मिफ्लेह म्हणायचा, "बाई, ट्रक भरला आता." ती म्हणायची, "फुकट पडलंय." तिच्या पायी आम्ही ते पहिलं भुयार किती वेळा केलं असेल कोण जाणे, आणि मला वाटतं त्या वर्षात मी इतकी कुठंच हसले नाही.

मग जसं होतं तसं झालं. माझी डिग्री झाली, अजलूनच्या शाळेत नोकरी लागली, लग्न झालं. घराघरात नेट आलं. इहाबनं आडभिंत काढली, कॉम्प्युटर विकले आणि मोबाइलचं दुकान टाकलं. मिफ्लेहला परत गाडी मिळाली. भाजी घेऊन आखाती देशांत जायचा, नंतर गुडघ्यांपायी तेही सुटलं. मी ईदला रमथाला जायचे, तेव्हा दोघं जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवून बसलेली असायची.

खेळ बंद होणार असल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. शुक्रवारची दुपार होती. स्वयंपाकघरात मनसफ, दह्यातलं मटण, शिजत होतं. माझा सक्र मी कितीतरी वर्षांनी उघडला. आम्ही तिघं पवनचक्कीच्या गावात जाऊन उभे राहिलो. बेकरीवाला आला, मिशी पांढरी झाल्याचं त्यानं लिहिलं. बहारीनच्या भावांचा पत्ता नव्हता. चौकात जुनी माणसं जमली होती, कुणी नाचत होते, कुणी नुसते उभे.

तेवढ्यात एक गडी आमच्यापाशी आला. लाकडी तलवार, फाटका सदरा. नावाच्या जागी कसलीतरी अक्षरं. त्यानं लिहिलं, दुसरी लेव्हल कशी होते?

आजूबाजूच्यांनी हसण्याची चित्रं टाकली. मिफ्लेह चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचत होता.

"काका, तासाभरात सगळं बंद होणार आहे," मी म्हटलं.

"तासाभरात दुसरी लेव्हल होते," तो म्हणाला, आणि एका बोटानं लिहायला लागला : मागं मागं ये.

आम्ही त्याला घेऊन गावाबाहेर गेलो. फिद्दानं त्याला एक टोपी दिली. डुकरं मारली, त्याची दुसरी लेव्हल झाली, आणि तो आनंदानं गोल गोल उड्या मारायला लागला. मग मिफ्लेहनं त्याला पहिल्या भुयारात नेलं. नवखा वाट चुकायचा, मिफ्लेह थांबायचा. बेकरीवालाही थांबला होता. लांडग्यांच्या वळणापर्यंत पोचलो आणि पडदा अडकला. एक लांडगा उडी घेतलेला, तसाच हवेत राहिला. मिफ्लेहनं थोडा वेळ बटण दाबून पाहिलं. नंतर पडदा काळा झाला.

फिद्दानं लॅपटॉप मिटले, टेबल पुसलं, ताट आणून ठेवलं.

"कुठला असेल तो?" मिफ्लेहनं विचारलं.

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

"त्याची तिसरी झाली असती."

"झाली असती," फिद्दा म्हणाली. "हात धुऊन ये."