भूल देण्याआधीचा प्रश्न

माझे पती भूलतज्ज्ञ होते. हात बधिर करायचा तर तेव्हा मज्जातंतू बोटांनी चाचपून शोधत, आणि सुई नेमकी पोचली का हे फक्त रुग्णच सांगू शके. "झिणझिण्या आल्या? कुठल्या बोटात?" असं विचारून ते उत्तरासाठी थांबत. ते गेल्यावर मार्केट यार्डातला एक हमाल भेटायला आला. म्हणाला, "सायबांनी चारदा इचारलं बघा. मी सांगस्तवर थांबले." त्या हमालाचा मला फार हेवा वाटला. घरी माझं वाक्य संपण्याआधीच ते वर्तमानपत्रात शिरलेले असत.

त्याच वर्षी माझं मनगट मोडलं. ऑपरेशनच्या टेबलावर मी त्या प्रश्नाची वाट पाहत पडले होते. पण तरुण डॉक्टरबाईंची नजर सोनोग्राफीच्या पडद्यावर होती. मज्जातंतू त्यांना तिथंच दिसत होता, मला विचारायची गरजच नव्हती.

"झिणझिण्या आल्या," मी खोटंच म्हणाले.

त्यांनी सुई जागीच थांबवली आणि पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या बोटात, काकू? सावकाश सांगा."

इतक्या काळजीनं विचारल्यावर मला खोटं बोलवेना.

"कुठल्याच नाही," मी म्हणाले. "चालू द्या तुमचं."